उतार

अमावास्येच्या रात्री बारा वाजता माझ्या कथेतली बाई सासरच्या घरातून निघाली, पाणंदीतून खाडीवर आली, लुगडं ढोपराच्या वर खोचलं आणि उतारावरून चालत पलीकडे गेली. पाचव्या पानावर ती पलीकडच्या माडांत दिसेनाशी झाली आणि कथा संपली. लिहून झाली त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

खाडीत ओहोटीच्या वेळी जिथे तळ वर येतो आणि माणूस चालत पार होऊ शकतो, त्या जागेला आमच्याकडे उतार म्हणतात. वेंगुर्ला तालुक्यातल्या आमच्या लहानशा खाडीला असे दोन उतार आहेत. पूल झाल्यापासून त्यांच्याकडे कोणी फारसं फिरकत नाही. तरही जवळजवळ बंद पडली आहे. तर म्हणजे माणसं पार करणारी होडी. ती ज्यांनी चाळीसेक वर्षं चालवली ते आबा अजून संध्याकाळी धक्क्यावर येऊन बसतात. मीही तिथे जाते. एकदा त्यांनी विचारलं, वहीत एवढं काय लिहितेस? मी त्यांना ती कथा वाचून दाखवली.

आबा ऐकत होते. आमच्याकडे गोष्ट ऐकणारा मधूनमधून हुंकार देतो. हुंकार थांबला की सांगणाऱ्याने ओळखायचं, कुठेतरी काहीतरी अडलं. आबांचा हुंकार तिसऱ्या पानावर थांबला. मी शेवटपर्यंत वाचलं. ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाय, अमाशेच्या बाराक खाडी भरलेली आसता. ह्या बायलेक तू बुडवून मारतंस काय गो?"

हे मला माहीत असायला हवं होतं. माझा जन्म या खाडीच्या काठावरचा. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल त्या वाजता भरती पूर्ण होते, हे गणित मी चौथीत असताना आजोबांकडून शिकले होते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा तेवढ्या वाजता आणि रात्रीही साधारण तेवढ्याच. खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, म्हणजे अमावास्येच्या मध्यरात्री उधाणाचं पाणी अगदी काठोकाठ. माझी बाई जिथून ढोपरभर पाण्यातून चालत गेली, तिथे त्या वेळी डोक्यावरून जाईल एवढं पाणी असतं.

मी घरी आले आणि पहिल्यांदा लबाडी करायचा प्रयत्न केला. अमावास्या खोडली, अष्टमी केली. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे मध्यरात्री बाराला पूर्ण ओहोटी. हिशेब जुळला. दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं तर ते नुसते हसले. अष्टमीचं पाणी भांगाचं. भांगाला भरती फार चढत नाही आणि सुकतीही फार उतरत नाही. सुकती म्हणजे ओहोटी. उतार उघडतो तो उधाणाच्या सुकतीला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे चार दिवस. अष्टमीच्या मध्यरात्री तिथे कमरेच्या वर पाणी, आणि पायाखाली चिखल. थोडक्यात, आमच्या खाडीतून मध्यरात्री चालत जाता येत नाही. कधीच येत नाही. उधाणाला उतार उघडतो तो पहाटे साडेपाचच्या सुमाराला आणि पुन्हा संध्याकाळी.

मग मनात आलं, तिथीच काढून टाकू. नुसतं ‘रात्री’ लिहू. पुण्यामुंबईच्या वाचकाला काय कळणार आहे? हा विचार माझ्या मनात दोन-तीन दिवस होता, आणि गोष्टी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो कधी ना कधी येतो. कल्पितच आहे ना, मग खरं असायची सक्ती कशाला? मला वाटतं, हा कथा लिहिण्यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर नियमांत सापडत नाही. मला ते माझ्याच वाक्यांत सापडलं. तिथी काढल्यावर मी तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि दिसलं की त्यात पाणीच नव्हतं. ‘काळंशार पाणी’, ‘गूढ शांतता’, ‘भयाण अंधार’ असे शब्द होते. अमावास्या आणि बाराचा ठोका मी कुठून आणले होते? दुसऱ्यांच्या गोष्टींतून. लहानपणापासून वाचलेल्या सगळ्या बायका मध्यरात्रीच पळून जातात म्हणून माझीही गेली. माझी चूक भरतीच्या वेळेपुरती नव्हती. ज्या जागेवर मी रोज बसते तिथे मी त्या बाईबरोबर क्षणभरही उभी राहिले नव्हते.

तेव्हा मी ठरवलं की अमावास्या राहील. बाई घरातून निघेल तीही बारालाच, कारण घर झोपेपर्यंत तिला निघता येणार नाही. पण खाडीवर आल्यावर तिच्यासमोर डोक्यावरून जाईल एवढं पाणी असेल आणि ते उतरायला साडेपाच तास लागतील.

आता हे साडेपाच तास मी काय करू?

गोष्ट अडते तेव्हा लिहिणारे एकमेकांना विचारतात, पुढे काय घडवू? मीही विचारलं होतं. कोणी म्हणालं, नवरा शोधत येऊ दे. कोणी म्हणालं, साप आण. सगळे सल्ले चांगल्या मनाने दिलेले होते. पण बाई तिथे बसलेली आहे, घर मागे सोडलंय आणि पुढे जाता येत नाही, यापेक्षा मोठं काय घडायला हवं होतं? पहिल्या खर्ड्यात ती घरातून निघण्याआधी खूप विचार करते आणि निघाल्यावर मुळीच करत नाही. खरं माणूस याच्या उलट वागतं. निघताना पाय चालतात, विचार नंतर येतो, जेव्हा थांबावं लागतं तेव्हा. दाराला कडी लावली की नाही. चुलीतला विस्तव नीट झाकला की नाही. उद्या सकाळी गाईचं दूध कोण काढील. हे प्रश्न मला तिला काठावर बसवल्याशिवाय सुचले नसते. पाच पानांची कथा होती, त्यातली पहिली दोन पानं गेली आणि काठावरची बावीस आली.

आधी आराखडा करावा की लिहितालिहिता वाट सापडू द्यावी, हा वाद लिहिणाऱ्यांमध्ये फार चालतो. मला याचं उत्तर दशावतारात मिळालं. देवळाच्या जत्रेला पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला खेळ उभा राहतो. गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर येऊन लोकांना हसवून जातो, आणि मग आख्यान लागतं. त्या आख्यानाची संहिता कुणाच्या हातात नसते. कोण कोणाला शाप देणार, कोणाचा वध होणार, हे आधी ठरतं. तोंडाला रंग लावतालावता नट ते ऐकून घेतात आणि रंगमंचावर गेल्यावर संवाद तिथल्या तिथे रचतात. समोरचा राजा आज वेगळं बोलला तर राणीही आज वेगळं उत्तर देते. पहाट व्हायच्या आत राक्षस मरायला हवा आणि शेवटी दहिकाला व्हायला हवा, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं माहीत असतं. लहानपणी मी आईच्या मांडीवर पेंगत हे बघितलं आहे आणि मोठेपणी जागी राहून. राणीचं काम करणारा पुरुष एखाद्या रात्री नुसता गप्प उभा राहतो आणि मृदंगवाला त्याच्यासाठी थांबतो. ते गप्प राहणं कोणी ठरवलेलं नसतं. पण ते कुठे नेऊन सोडायचं हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणूनच ते थांबू शकतात. माझ्यासाठी पहाटे साडेपाचची सुकती म्हणजे तो दहिकाला झाला. तिथे पोचायचं आहे हे पक्कं होतं, म्हणून मधली रात्र मी मोकळी सोडू शकले.

पहाट आली तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या हातातून निसटली, आणि तेही बरंच झालं. माझ्या पहिल्या कथेत खाडी निर्जन होती. कोणी बघितलं नाही, कोणाला कळलं नाही, बाई अंधारात विरघळून गेली. पण अमावास्येच्या पहाटेची सुकती म्हणजे मुळे आणि तिसरे, हे खाडीतले शिंपले, काढायचा उत्तम दिवस. पाणी जितकं जास्त उतरतं तितका तळ जास्त उघडा पडतो. त्या पहाटे खाडीत टोपल्या घेऊन दहा-बारा बायका असणारच. म्हणजे जी बाई चोरून निघाली, ती पार होताना अख्ख्या वाडीने पाहिली! चिखलात वाकलेल्या बायका, त्यांतली एक मान वर करते, हिला बघते, पुन्हा खाली वाकते. दुसरी सरकून वाट देते. कोणी काही विचारत नाही. नंतरही कोणी सांगत नाही. मी हे लिहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मी घडवलं नव्हतं. पाण्याच्या वेळेने त्या बायकांना तिथे आणून ठेवलं होतं.

त्याबरोबर गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी सांगायची हा प्रश्न उभा राहिला. रात्रभर आपण बाईच्या मनात होतो. पहाटे मला त्या वाकलेल्या बायकांपैकी एकीच्या मनात जावंसं वाटू लागलं. ही पार होणारी कोणाची कोण, हे तिला कळलंय आणि ती गप्प राहायचं ठरवते आहे. दोन्हीकडून लिहून बघितलं. महिनाभर गेला असेल. शेवटी बाईच्याच डोळ्यांपाशी राहिले, कारण दुसरीच्या मनात शिरल्याबरोबर तिचं गप्प राहणं मला समजावून सांगावं लागत होतं, आणि समजावलं की त्यातली ताकद निघून जात होती. बाहेरून फक्त एक पाठ दिसते, चिखलाने माखलेली, आणि ती पाठ वळत नाही. त्या पाठीकडून जेवढं समजायचं तेवढं वाचकाला समजतं. याबाबतीत दुसऱ्या कुणाला वेगळं वाटलं तर मी भांडणार नाही, पण मला हे करून बघावंच लागलं. बसल्या जागी विचार करून कळलं नसतं.

बोलीचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो, आणि कोकणातून लिहिणाऱ्या प्रत्येकाला छळत असणार. सुरुवातीला मी संवादच काय, निवेदनही मालवणीत केलं होतं. एका दिवाळी अंकाला पाठवलं. कथा आवडली, पण शेवटी शब्दार्थांची यादी द्या, असं उत्तर आलं. दिवाळी अंकांची परंपरा आपल्याकडे १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केली, शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि कितीतरी बोली त्या पानांवर येऊन गेल्या. तरी यादी मागतात. मला राग आला आणि रागारागात मी सगळं प्रमाण मराठीत केलं. वाचून बघितलं तर सगळी माणसं सदाशिव पेठेत राहायला गेल्यासारखी वाटली. सासू म्हणते, "कुठे निघालीस?" अशी सासू आमच्या गावात नाही. आमची सासू म्हणते, "खंय गो?" दोन शब्दांत विचारणं, हटकणं आणि थोडा संशय, सगळं असतं.

आता मी काय करते ते सांगते. अवघड नामं शक्यतो निवेदनात आणते, जिथे बाजूच्या वाक्यातून अर्थ लागतो. संवादात नामांपेक्षा क्रियापदं आणि हाका सांभाळते, कारण बोलीचा जीव तिथे असतो. एक उदाहरण देते. मुलीला आमच्याकडे ‘चेडू’ म्हणतात आणि चेडू नपुंसकलिंगी. "ता खंय गेला?" असं बाप मुलीबद्दल विचारतो. प्रमाण मराठीत त्याचं "ती कुठे गेली?" होतं आणि त्या ‘ता’मधलं लाडाचं, लहान, अजून आपल्या अंगणातलं असं जे काही आहे ते सगळं जातं. माझ्या कथेत बाईच्या माहेरचा बाप एकदाच बोलतो, पहाटे तिला दारात बघून. तो तिच्याशी बोलत नाही, आत वळून बायकोला म्हणतो, "चेडू इला." लग्न होऊन चार वर्षं झालेल्या बाईला तो चेडू म्हणतो. हे दोन शब्द वाचून एखाद्या वाचकाला अडखळायला झालं तर झालं. तिथे मी काही बदलणार नाही.

माहिती गोळा करण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, पण एक चूक सांगते. बाईचा सासरा मी शिरोड्याच्या मिठागरात काम केलेला दाखवला होता. मग मी मिठागरांच्या मागे लागले. भरतीचं पाणी वाफ्यांत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात, उन्हाने ते घट्ट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ बसतं. पाऊस यायच्या आत सगळं आवरायचं. १९३०च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा सासरा दहा-बारा वर्षांचा असणार, त्याने काठ्या खाणारी माणसं बघितली असणार. चार पानं लिहिली. छान लिहिली होती. पण ती बाई काठावर बसली आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत, आणि मी तिला मिठाचा इतिहास सांगायला लावते आहे! चार पानं काढली आणि एक वाक्य ठेवलं: सासऱ्याच्या टाचांच्या भेगांत मीठ गेल्यामुळे तो चालताना पाय वाकडा टाकायचा, आणि त्या चालीचा आवाज ऐकून तिला अंधारातही कळायचं की तो उठलाय. त्या चार पानांचं मला दुःख नाही. ती लिहिली नसती तर हे वाक्य आलं नसतं.

कालखंडाच्या बाबतीत मात्र कसून तपासावं. गोष्ट घडते १९६८ साली. पहिल्या खर्ड्यात मी ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खेड्यात’ असं लिहिलं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, त्याआधी आम्ही सगळे रत्नागिरी जिल्ह्यात होतो. दुसरीकडे पहाटे दूरवर रेल्वेची शिटी ऐकू येत होती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ला! शिटी सुंदर होती, पण तीस वर्षं आधी वाजली होती. आम्ही ज्या जगात वाढलो ते आम्हाला कायमचं होतं असं वाटतं, म्हणून अशा चुका होतात. म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवणं हा त्यावर मला माहीत असलेला एकच उपाय.

आणि आता ज्या म्हाताऱ्या माणसाबद्दल मी इतका वेळ बोलले नाही, तिच्याबद्दल बोलते.

ही गोष्ट माझ्या आत्याची आहे. म्हणजे तिच्यावरून सुचलेली. आत्या सासर सोडून एका रात्री माहेरी आली, खाडी ओलांडून, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं. घरात त्यावर कोणी बोलत नसे. ती परत गेली नाही. शिवणकाम केलं, आम्हा भावंडांना वाढवलं, आता माझ्याबरोबर राहते. तिला न विचारता मी तिच्यावर कथा लिहिली, ही माझी मोठी चूक, आणि ती मी लपवणार नाही. कल्पितात सगळं चालतं, नाव बदललं की झालं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तीनशे उंबऱ्यांच्या गावात नाव बदलून काही होत नाही. मांजराचा रंग बदलला तरी लोक घर ओळखतात.

कथेचा दुसरा खर्डा झाला तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, मी तुझ्यावर लिहिलंय, तुला नको असेल तर फाडून टाकते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, वाच.

मी वाचलं. त्या खर्ड्यात नवरा दारू पिऊन मारणारा होता, कारण बाई घर सोडते तर कारण भक्कम हवं, असं मला वाटत होतं. आत्याने हात थांबवला. "वायट नव्हतो गो तो," ती म्हणाली. पुन्हा निवडायला लागली. मी विचारलं, मग का निघालीस? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नव्या नावान हाक मारली तर माका वाटायचा, दुसऱ्या कोणाक मारतत."

लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहितात, ते नाव. चार वर्षं त्या नावाने हाक मारत होते आणि दर वेळी तिला वळायला क्षणभर उशीर होत होता. सासूला वाटायचं, मुद्दाम करते. मी त्या दिवशी माझा खलनायक फाडून टाकला. वाईट माणूस उभा केला की गोष्ट सोपी होते, वाचकाला कोणाच्या बाजूने राहायचं ते लगेच कळतं, आणि लिहिणाऱ्यालाही फार खोल जावं लागत नाही. इथे घरात कोणी वाईट नव्हतं. एक नाव होतं आणि एक बाई होती, आणि दोघांची गाठ पडत नव्हती. हे लिहायला कठीण आहे. दोन वर्षं झाली, अजून मला ते पूर्ण जमलेलं नाही. पण आता मला माहीत आहे की काय जमवायचं आहे.

पुढे काठावरचा भाग आला. त्यात बाई रडते असं दीड पान होतं. आत्या म्हणाली, "रडाक येळ खंय होतो? भूक लागलली माका." फाल्गुनातली अमावास्या होती, काजू पिकले होते. वाटेवरच्या काजूखाली पडलेले बोंडू तिने अंधारात चाचपडून, वासाने शोधून खाल्ले. चार-पाच खाल्ले असतील. घसा खवखवायला लागला आणि खोकला येऊ लागला. खोकला ऐकून कोणी येईल म्हणून लुगड्याचा पदर तोंडात कोंबून ती बसून राहिली. मी हे सात जन्मांत रचू शकले नसते. दीड पानाचं रडणं गेलं, बोंडू आले, आणि त्या खोकल्याबरोबर बाई जिवंत झाली.

लिहिण्याची परवानगी मी तिच्याकडे नीट मागितली. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "नाव खंयचा घालतलंस?"

मला उत्तर सुचलं नाही. माहेरचं घातलं तर गाव ओळखणार. सासरचं घातलं तर तेच, जे तिने काठावर सोडून दिलं होतं. तिसरं काहीतरी मी ठेवलं तर मीही तेच करणार जे त्या ताटातल्या तांदळांवर झालं होतं. पात्रांना नावं कशी द्यावीत यावर मी पूर्वी एकदा तरुण मुलांसमोर अर्धा तास बोलले होते. जात, पिढी, गाव, सगळं नावातून कसं कळतं वगैरे. ते चुकीचं नव्हतं. पण आत्याच्या प्रश्नापुढे त्याचा काही उपयोग झाला नाही. आता कथेत तिला नाव नाही. सासू नव्या नावाने हाक मारते तेव्हाही मी हाक लिहिते, नाव लिहीत नाही. वाचकालाही क्षणभर कळत नाही की कोणाला हाक मारली.

रोज लिहावं की सुचेल तेव्हा, हे मला बऱ्याचदा विचारतात. माझा वेळ ठरलेला आहे तो पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, घरातली पुरुषमाणसं पडवीत जाळी सांधत बसतात, आणि मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसते. जाळं कुठे फाटलंय ते लांबून दिसत नाही. ते हातांतून हळूहळू सरकवत न्यावं लागतं, घर न् घर बोटांना लागेपर्यंत. माझा भाऊ एका दुपारी चार-पाच हात जाळं तपासतो. मी एक पान तपासते. वर्षाचे बाकीचे दिवस जसं जमेल तसं.

यंदाच्या पावसात मी तो शेवटचा भाग पुन्हा लिहिला, पाणी उतरत जातं तो. पूर्वी तो चार ओळींत होता: पाणी उतरलं आणि ती निघाली. आता आठ पानं झाली आहेत. आधी कडेची चिप्याची, म्हणजे खारफुटीची, झुडपं दिसायला लागतात, मग त्यांची मुळं, मग मुळांना चिकटलेली कालवं, मग चिखलाचा पहिला पट्टा आणि त्यावर धावणाऱ्या कुर्ल्या. दर थोड्या वेळाने ती एक पाय पाण्यात घालून बघते आणि मागे घेते. मला घाई होत होती. कथा संपवायची होती, अंकाची तारीख जवळ आली होती, आणि मनातून मला तिला पलीकडे पोचलेली बघायचं होतं.

परवा रात्री दिवे गेले होते. कंदिलाच्या उजेडात मी आत्याला ते वाचून दाखवत होते. अर्ध्यात तिचे डोळे मिटले. हुंकार थांबला. मी वही मिटली, वात कमी केली आणि उठणार, तेवढ्यात तिने डोळे न उघडता विचारलं,

"पाणी खंयपर्यंत उतरला?"

"ढोपरार आसा, आते."

"मगे रव," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. "घोट्यार येवंदे."